ऐन उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो

प्रश्न : छतावर ५ किलोवॉटचं सोलर आहे. सकाळी मस्त चालतं पण बारा ते दोन इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारं मशीन) सारखा बंद पडतो, ग्रिड ओव्हरव्होल्टेज म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त असं दाखवतो, मग थोड्या वेळाने आपोआप सुरू. बसवणारे म्हणतात मशीनची लिमिट वाढवून देतो. वाढवू का?

उत्तर : नका वाढवू. ती लिमिट तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिज-टीव्हीसाठी आहे, २३० च्या वर १० टक्के म्हणजे २५३ व्होल्ट अशी मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते, ती ओलांडली की इन्व्हर्टरने लाइनपासून सुटायलाच हवं.

होतं काय, जास्तीची वीज लाइनवर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा व्होल्टेज थोडं वर ठेवावंच लागतं, आणि वायर जितकी लांब नि बारीक तितकं जास्त वर. ५ किलोवॉट म्हणजे साधारण २२ अँपिअर, जाण्यायेण्याच्या वायरीचा मिळून अर्धा ओहम रेझिस्टन्स धरला तरी ११ व्होल्ट चढले! त्यात संध्याकाळी शेवटच्या घराला वीज पुरावी म्हणून ट्रान्सफॉर्मर आधीच थोडा वर सेट केलेला असतो, आणि दुपारी घरोघरी लोड कमी पण सोलर सगळ्यांचं जोरात.

आधी इलेक्ट्रिशियनकडून भर दुपारी इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हीत चार-पाच व्होल्टचा फरक असेल तर मधली वायर जाड करा. मीटरपाशीच २५० च्या आसपास असेल तर दोष लाइनचा, मग वीज कंपनीला रीडिंग वेळेसकट लेखी द्या. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) एक पायरी उतरवणं, एकाच फेजवर सोलरची गर्दी असेल तर ती वाटून देणं, हे त्यांच्या हातात आहे.

दुसरं म्हणजे व्होल्ट-व्हार सेटिंग, नव्या इन्व्हर्टरमध्ये बहुतेक असतंच पण बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं. व्होल्टेज चढू लागलं की मशीन रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाइनमध्ये नुसती मागेपुढे होणारी वीज) ओढून ते खाली दाबतं. त्यात मशीनची थोडी क्षमता खर्च होते, ०.९ पॉवर फॅक्टरला (एकूण क्षमतेत कामाच्या विजेचा वाटा) ५ केव्हीए एकूण क्षमतेच्या मशीनमधून ४.५ किलोवॉटच निघतात, पण पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धा किलोवॉट गेलेला परवडला. बारीक वायरीवर याचा उपयोग कमी होतो, तेव्हा व्होल्ट-वॉटही लावून घ्या, त्यात व्होल्टेज चढेल तसं उत्पादन झटक्यात बंद न होता हळूहळू उतरतं. दोन्ही सेटिंग वीज कंपनीने ठरवलेल्या आकड्यांवरच ठेवा.

मला खटकतं ते हे की लाइनच्या टोकाच्या घराचंच सोलर आधी सुटतं आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्याला पत्ताही नसतो. व्होल्ट-व्हार लाइनवरच्या सगळ्यांनी लावलं तर व्होल्टेज दाबायचा भार वाटला जातो, तेव्हा तक्रारीत हेही लिहा. तोवर पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गीझर दुपारीच लावत जा, घरात खपलेली वीज लाइनवर जात नाही.