रेल्वे फाटकावर गाडी दिसतही नसते, मग इतका वेळ का थांबवतात?

गोव्यातल्या चांदरच्या फाटकाबद्दल विचारलंय, पण हे सगळीकडेच लागू आहे. सिग्नलशी जोडलेल्या फाटकात दांडा पडून लॉक झाल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळतच नाही. त्यामुळे गेटमनवर डाफरून उपयोग नाही. कोळशाने भरलेल्या मालगाडीला तर ब्रेक मारल्यावरही थांबायला एखादा किलोमीटर लागू शकतो, म्हणून गाडी दिसण्याआधीच फाटक बंद करावं लागतं.

खरा धोका दुचाकीवाल्यांचा. हेल्मेट आरशाला अडकवायचं, मान वाकवायची आणि स्कूटर आडवी करून दांड्याखालून काढायची! पावसात ओल्या रुळावर चाक घसरलं की संपलंच. एक गाडी गेली म्हणून लगेच घुसू नका. दुहेरी मार्ग असेल तिथे दुसऱ्या रुळावरून उलट दिशेने गाडी येत असू शकते. आणि बंद फाटक स्वतः उघडलंत तर रेल्वे कायदा १९८९, कलम १६० नुसार ३ वर्षांपर्यंत कैद.

ब्रॉडगेजवरची (रुंद रुळांच्या मार्गांवरची) बिनमाणसांची फाटकं २०१९च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली. उरलेल्या, गेटमन असलेल्या फाटकांवर पक्का उपाय उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता. पण भुयारी केलात तर आधी पाणी कुठून जाणार ते बघा, नाहीतर जूनमध्ये तिथे होडी लागेल.