इन द नेम ऑफ द फादर: बाप-लेक खरंच एका कोठडीत होते का?

नाही. ‘इन द नेम ऑफ द फादर’ या सिनेमात दाखवलेत तसे जेरी कॉनलन आणि त्याचा बाप जुझेप्पे वर्षानुवर्षं एका कोठडीत राहिले नाहीत, बहुतेक काळ तर ते वेगवेगळ्या जेलमध्ये होते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुम्ही पुढे विचारलंय की सिनेमाचा गाभाच बनवलेला निघाला तर बाकीचं तरी खरं कशावरून, त्यावर मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण हा सिनेमा माझ्या फार जवळचा आहे, जेरी कॉनलनच्या ज्या आत्मचरित्रावरून तो घेतलाय ते मी वाचलंय आणि या केसबद्दल हाताला लागेल ते वाचत आलोय. माझं मत असं झालंय की कोठडीतला बदल माफ आहे, शेवटच्या कोर्टाच्या सीनमधला नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी केस सांगतो. ५ ऑक्टोबर १९७४ ला इंग्लंडमधल्या गिल्डफर्डमध्ये आयआरएने (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडायला लढणारी आयरिश सशस्त्र संघटना) दोन पबमध्ये बॉम्ब ठेवले. पहिल्या पबमध्ये पाच जण गेले, त्यातले चार सैन्यातले, अगदी कोवळ्या वयाचे, आणि एक सिव्हिलियन. दुसऱ्या पबमध्ये पहिल्या स्फोटानंतर लोकांना बाहेर काढलं होतं म्हणून तिथे कोणी मेलं नाही. पुढच्याच महिन्यात २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं गेली, सगळा देश पेटला आणि आठवड्याभरात संसदेने दहशतवादविरोधी कायदा घाईघाईने पास केला, ज्यात चार्ज न लावता सात दिवस आत ठेवता येत होतं. त्या कायद्याखाली सुरुवातीलाच जे उचलले गेले त्यात जेरी कॉनलन, पॉल हिल आणि पॅडी आर्मस्ट्राँग ही बेलफास्टची तीन पोरं, आणि आर्मस्ट्राँगची मैत्रीण कॅरोल रिचर्डसन, जी आयरिश नव्हतीच, १७ वर्षांची इंग्लिश मुलगी होती. छोट्यामोठ्या चोऱ्या, नशापाणी, मोकळ्या पडलेल्या घरात घुसून राहणं, असलं आयुष्य. आयआरए यांना दारात उभं करणार नाही हे कोणालाही कळलं असतं. ऑक्टोबर १९७५ मध्ये चौघांना जन्मठेप झाली आणि पुरावा म्हणून होते फक्त पोलिसांनी घेतलेले कबुलीजबाब.

आता बाप कसा अडकला ते बघा, कारण इथे सिनेमा जेवढं दाखवतो त्याहून खरी गोष्ट जास्त जीवघेणी आहे. जुझेप्पे कॉनलन (आयरिश माणसाचं इटालियन नाव, त्याच्या गॉडफादरवरून ठेवलेलं) फुफ्फुसाचा जुना रोगी. मुलगा पकडला गेला म्हटल्यावर त्याच्यासाठी वकील बघायला तो आजारी माणूस बोटीने बेलफास्टहून इंग्लंडला आला, लंडनमध्ये मेव्हण्याच्या घरी उतरला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पोलिसांनी ते अख्खं घर उचललं. मेव्हण्याची बायको अ‍ॅनी मॅग्वायर, म्हणजे जेरीची मामी. तिची दोन मुलं, एक १६ वर्षांचा, एक १३ वर्षांचा. घरात स्फोटकाचा कणसुद्धा सापडला नाही, तरी हातांच्या आणि अ‍ॅनीच्या रबरी हातमोज्यांच्या नमुन्यांवर केमिकल टेस्ट करून नायट्रोग्लिसरीन निघालं असं सांगितलं आणि मार्च १९७६ मध्ये सात जण दोषी. अ‍ॅनीला १४ वर्षं, जुझेप्पेला १२, धाकट्या मुलाला ४. शाळकरी पोराला!

सिनेमात हे दोन्ही खटले एकत्र चालतात, प्रत्यक्षात ते वेगळे होते आणि त्यांच्यात काही महिन्यांचं अंतर होतं. लोक याला किरकोळ बदल म्हणतात, मला तो तसा वाटत नाही. पहिला खटला कबुलीजबाबावर उभा होता, दुसरा प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर. मार खाऊन, घाबरून सही केली हे आपल्याला समजतं, पण पांढऱ्या कोटातला माणूस कोर्टात उभा राहून सांगतो की टेस्ट पॉझिटिव्ह आहे तेव्हा ज्युरी काय करणार? पुढे १९९१ मध्ये या सातही जणांची शिक्षा रद्द झाली ती याच मुद्द्यावर, की ते द्रव्य हाताला नकळत, उदाहरणार्थ एखाद्या टॉवेलवरूनही, लागलेलं असू शकतं. सिनेमाला वेळ नव्हता म्हणून मॅग्वायर कुटुंब बाजूला राहिलं, पण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर झाला आणि ज्याला ही केस खरंच समजून घ्यायची आहे त्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

तर कोठडी. दिग्दर्शक जिम शेरिडनने बाप-लेकांना एका खोलीत का कोंडलं? कारण हा सिनेमा बॉम्बचा नाहीये, बापाचा आहे. पहिल्याच भेटीत जेरी बापावर उखडतो तो सीन आठवा, लहानपणी फुटबॉलमध्ये मेडल मिळालं तेव्हा तुम्ही फक्त माझी चूक काढलीत, मी चुकलो की तुम्ही मागे हजर असता, चांगलं केलं तेव्हा कुठे असता. केवढी वर्षं साठलेलं भांडण आहे ते, आणि समोर बाप झालेला पीट पॉस्लथ्वेट नुसता उभा राहून ऐकतोय, त्याच्या चेहऱ्यावर राग पण नाही. असे बाप आपण सगळ्यांनी बघितलेत. पत्रांमधून आणि अधूनमधून होणाऱ्या भेटींमधून हे पडद्यावर आलंच नसतं. आणि ज्याचं मूळ सत्य आहे, की बाप मुलाला सोडवायला आला आणि स्वतःच कैदेत मेला, त्याला यामुळे कुठेही धक्का लागत नाही. जुझेप्पे जानेवारी १९८० मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारला. तो गेल्यावर कैदी खिडक्यांतून पेटते कागद खाली सोडतात तो सीन कल्पनेतला असेल, पण त्याने मला फसवल्यासारखं कधीच वाटलं नाही.

जे हरवलं ते मात्र सांगायला पाहिजे, आणि ते म्हणजे आई. नवरा एका जेलमध्ये, मुलगा दुसऱ्या, आणि सेरा कॉनलन बेलफास्टमध्ये हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करणारी बाई. वर्षाची सुट्टी साठवायची आणि ती इंग्लंडला जाऊन या दोघांना भेटण्यात घालवायची, असं त्या बाईने वर्षानुवर्षं केलं. सिनेमात बाप-लेक एकत्र आणल्यामुळे तिची ही धावपळ आपोआप नाहीशी झाली. या बाईवर एक वेगळा सिनेमा व्हायला हवा होता.

आता शेवटचा कोर्ट सीन. एमा थॉम्प्सन म्हणजे जेरीची वकील गॅरेथ पीअर्स, तिला रेकॉर्ड रूममध्ये चुकून भलतीच फाइल हाती लागते, त्यात जेरीच्या बाजूचा साक्षीदार आणि वर चिठ्ठी की हे बचाव पक्षाला दाखवू नका, मग ती कोर्टात कागद नाचवत ओरडते आणि सगळं कोसळतं. बघताना अंगावर काटा येतो, मान्य. पण एक तर पीअर्स सॉलिसिटर, म्हणजे केस तयार करणारी वकील, अपील कोर्टात बोलतो तो बॅरिस्टर, तिला असं उभं राहून युक्तिवाद करताच आला नसता. साक्षीदार बर्क खरा होता, पण बागेतल्या बाकावरचा बेघर नव्हता, जेरी लंडनमध्ये ज्या हॉस्टेलवर राहायचा तिथलाच होता, आणि त्याचा जबाब बचाव पक्षापासून लांब ठेवला होता हे खरं आहे. पण सुटका त्याच्यावर झाली नाही.

सुटका झाली ती अशी. केस पुन्हा अपीलला जाणार म्हणून दुसऱ्या एका पोलीस दलाला जुनी कागदपत्रं तपासायला सांगितली, आणि त्यांना आर्मस्ट्राँगच्या चौकशीच्या टाइप केलेल्या नोंदी सापडल्या. त्या पानांवर हाताने खाडाखोड, वाक्यं पुढेमागे केलेली, नवीन मजकूर घुसवलेला. आणि खटल्यात ज्या हाताने लिहिलेल्या नोंदी "चौकशी चालू असताना जागच्या जागी लिहिल्या" असं शपथेवर सांगून दिल्या होत्या, त्या या दुरुस्त केलेल्या टाइप पानांशी जुळत होत्या. म्हणजे आधी टाइप केलं, मग सुधारलं, मग हाताने उतरवून कोर्टाला दिलं. त्या एका बाडाने सगळा खटला संपला. १९ ऑक्टोबर १९८९ ला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात वाद झालाच नाही, सरकार पक्षानेच उभं राहून सांगितलं की आम्ही या शिक्षांचं समर्थन करू शकत नाही, आणि लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे तिथले सरन्यायाधीश, म्हणाले की पोलीस खोटं बोललेच असणार. हा खरा क्लायमॅक्स मला सिनेमातल्यापेक्षा जास्त भयंकर वाटतो. चिठ्ठीवाल्या सीनमधून असं वाटतं की एक दुष्ट इन्स्पेक्टर होता, एक हुशार वकील आली आणि विषय संपला. पण डिसेंबर १९७५ मध्ये लंडनच्या बाल्कम स्ट्रीटवर पकडलेल्या खऱ्या आयआरएवाल्यांनी गिल्डफर्ड आम्ही केलं हे सांगून टाकलं होतं, १९७७ च्या अपीलमध्ये कोर्टात येऊन साक्ष दिली, तरी तीन न्यायाधीशांनी ते अपील फेटाळलं! पुढची १२ वर्षं हे लोक आत राहिले ते सगळं माहीत असताना. सिनेमात जेलमध्ये गुन्हा कबूल करणारा जो मॅकअ‍ॅण्ड्र्यू आहे तो या टोळीतल्या एकावरून बेतलेलं काल्पनिक पात्र, पण ही कबुली आणि तिच्याकडे झालेलं दुर्लक्ष काल्पनिक नाही.

आणि एकटी पीअर्स नव्हती. अ‍ॅलिस्टर लोगन नावाचा सॉलिसिटर सुरुवातीपासून ही केस धरून बसला होता, सिनेमात त्याचं नावही नाही. कॅथलिक चर्चचे कार्डिनल बेसिल ह्यूम जुझेप्पेला जेलमध्ये भेटले आणि तेव्हापासून मागे लागले. डेव्हलिन आणि स्कारमन हे दोन माजी न्यायाधीश पुढे जाहीरपणे बोलले. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ढकलल्यावर ते दार उघडलं.

कबुलीजबाबाचं कोणीतरी विचारलंय की नुसत्या सहीवर जन्मठेप कशी होते. त्यांच्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालतो. आपल्याकडे इंग्रजांनीच केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने तो चालत नाही, नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे, पण टाडात तो चालायचा आणि मकोकाच्या कलम १८ खाली एसपी किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा आजही चालतो. म्हणून सिनेमातला तो चौकशीचा भाग, पोलीस कानात कुजबुजतो की तुझ्या बापाला गोळी घालीन आणि जेरी झालेला डॅनियल डे-लुईस मोडून सही करतो, तो नीट बघा. त्या माणसाने यासाठी कोठडीत रात्री काढल्या, स्वतःची चौकशी करून घेतली, आणि ते दिसतं, हात कसा चालतो कागदावर ते बघा.

ऑस्करला सात नामांकनं होती, एकही मिळालं नाही, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मात्र १९९४ मध्ये गोल्डन बेअर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बघणार असाल तर सबटायटल लावा, बेलफास्टचा उच्चार आपल्या कानाला निम्मा निसटतो.

शेवटचा प्रश्न होता की खऱ्या गुन्हेगारांचं काय झालं. गिल्डफर्डसाठी बाल्कम स्ट्रीटच्या माणसांवर कधी खटला भरलाच नाही, ते दुसऱ्या गुन्ह्यांत आत होते आणि १९९९ मध्ये उत्तर आयर्लंडच्या गुड फ्रायडे शांतता कराराखाली सुटले. नोंदींच्या बाबतीत तीन माजी पोलिसांवर खटला झाला, १९९३ मध्ये तिघंही निर्दोष सुटले. २००५ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन्ही कुटुंबांची जाहीर माफी मागितली, जेरी २०१४ मध्ये साठाव्या वर्षी गेला. आणि त्या पबमध्ये मेलेल्या पाच जणांचं इन्क्वेस्ट (मृत्यू कसा झाला याची अधिकृत चौकशी), जे तेव्हा अर्धवट सोडलं होतं, ते पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडलं.