कपाटातल्या व्हिस्कीचे मोल

प्रश्न : माझा मुलगा एडिंबरा येथे नोकरी करतो. सुटीवर येताना तो दर वेळी स्कॉचच्या दोन बाटल्या आणतो. अशा आठ बाटल्या घरी न उघडता ठेवल्या आहेत. जितक्या जुन्या होतील तितक्या त्या मौल्यवान ठरतील, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का? संग्रहच करायचा झाल्यास कोणती व्हिस्की घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या मित्रांनी बाटलीतही मुरणाऱ्या वाइनचा नियम व्हिस्कीला लावलेला दिसतो. व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात. बाटलीत भरल्यावर ते मुरणे थांबते, म्हणून १२ वर्षांची व्हिस्की आपण कपाटात आणखी २० वर्षे ठेवली तरी ती १२ वर्षांचीच राहते. किंमत चढते ती तसा माल पुन्हा मिळेनासा होतो तेव्हा.

याचे ठळक उदाहरण म्हणजे बंद पडलेल्या डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचे कारखाने. मागणीपेक्षा साठा फार वाढल्यामुळे स्कॉटलंडमध्ये १९८३ साली अनेक डिस्टिलरींना कुलूप लागले, त्यांत आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडील ब्रोरा या दोन्ही होत्या. पुढे त्यांची उरलेली पिंपे जसजशी रिकामी होत गेली तसतशी संग्राहकांची झुंबड उडाली. ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली असली, तरी जुन्या मालाची चणचण त्यामुळे कमी होत नाही. जपानमधील बंद पडलेल्या कारुइझावा डिस्टिलरीची कथाही अशीच आहे.

या बाटल्या सामान्य खिशाला परवडणाऱ्या नाहीत. त्यापेक्षा एकाच पिंपातून, पाणी न घालता भरलेली आणि लेबलवर पीप क्रमांक आणि गाळल्याचे व बाटलीत भरल्याचे वर्ष नोंदवलेली व्हिस्की पाहावी, कारण एका पिंपातून काहीशे बाटल्याच निघतात. एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलसारखे व्यापारी निरनिराळ्या डिस्टिलरींची पिंपे घेऊन अशी व्हिस्की भरत आले आहेत. स्कॉटलंडमधल्याच कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीचाही विचार करावा. तिचे उत्पादन मुळात थोडे आहे. नुसते ‘लिमिटेड एडिशन’ लिहिलेला, वयाचा उल्लेख नसलेला देखणा खोका मात्र मी घेणार नाही. मॅकॅलन या नामांकित स्कॉचची, १९२६ मध्ये गाळलेली बाटली २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली खरी, पण ६० वर्षे मुरलेल्या त्या पिंपातून अवघ्या ४० बाटल्या भरल्या होत्या. त्या बातमीवरून आजची १२ वर्षांची मॅकॅलन साठवण्यात अर्थ नाही.

बाटल्या उभ्याच ठेवाव्यात, कारण आडव्या ठेवल्यास तीव्र मद्याने बूच खराब होते. ऊन लागू देऊ नये. पुण्याच्या उन्हाळ्यात गच्चीखालची माळ्यावरची जागा तर टाळावीच. खोके आणि पावत्या जपाव्यात.

एक अडचण मात्र मोठी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य विकणे हा गुन्हा आहे आणि मद्य बाळगण्यासही परमिट लागते. त्यामुळे पुढे विक्रीचा विचार असेल, तर मुलाने निवडक बाटल्या तिकडेच ठेवून तेथील लिलावगृहामार्फत विकाव्यात. आपल्याकडील आठ बाटल्यांत दुकानात नेहमी मिळणाऱ्या ज्या असतील, त्या तो पुढच्या सुटीवर आला की खुशाल उघडाव्यात.