राखणीला बसू नकोस

पोरी,

पुण्याला नंबर लागला म्हणून पेढे घेऊन येशील असं वाटलं होतं. आलीस ती ॲडमिशन रद्द कशी करायची ते विचारायला. "मी गेले तर पप्पांकडं कोण बघणार, बाई?" स्टाफरूममध्ये बाकीचे होते म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

तू बघून काय होतं ते आधी सांग. नववीपासून बघतेयस. गाडीच्या आवाजावरून किती घेतलीय ते तुला कळतं. चपटी मोटारीच्या पेटीत असते की कडब्यात, तेही माहीत आहे. पगाराच्या दिवशी सायकल काढून नाक्यावर थांबतेस. ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी दुप्पट माल घरात येतो, हे कॅलेंडर तर तुझं तोंडपाठ. एवढं सगळं करून त्यांची एक क्वार्टर कमी झाली का? बापाची राखण हे तुझं काम नाही. शेतात राखणीला बसलेल्या माणसाला पाखरं तरी हाकलता येतात. इथं तेही नाही.

आणि एकटीनं लढायची ही कसली हौस? तुमच्या गावच्या बायकांनी सह्या गोळा केल्या, मतदान झालं, आडवी बाटली जिंकली, दुकानाला कुलूप लागलं. तुझी आई त्यात पुढं होती. त्या बायकांचा मला अभिमान आहे, काही घरांत त्यामुळं खरंच फरक पडला. तुझे पप्पा मात्र पुढच्याच आठवड्यापासून शेजारच्या गावाला जायला लागले. अख्ख्या गावच्या बायकांना जे जमलं नाही ते तू दारात उभी राहून करणार?

बाटली मोरीत ओतली, हे मला हसत सांगितलंस. पुन्हा करू नकोस. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली तर नुसते हात थरथरत नाहीत, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून तेच करतंय. पप्पांचं मन वळलं तर काका आहेत, मामा आहेत, घेऊन जातील. दारुड्यांच्या घरच्यांसाठी ॲल-अनॉनच्या सभा असतात, तिथं पहिल्यांदा हेच सांगतात की ही दारू तुम्ही लावली नाही, तुम्ही ती आवरू शकत नाही आणि तुम्ही ती बरी करू शकत नाही. मला हे कुणी सांगेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते.

हो, मलाही. आमचे दादा, म्हणजे वडील, प्यायचे. कारखान्यात नोकरी, गावात मान, आणि रात्री आईचा आवाज गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही भावंडं रेडिओ मोठा करायचो. मी बारावीनंतर निघाले. कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत होते, ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायचे. गावात काय काय बोललं गेलं! आईला टाकून गेली. बाप मरायला टेकलाय आणि हिला बी.ए. सुचतंय. धाकटा भाऊ तर अजून म्हणतो, तू सुटलीस, आम्ही अडकलो. म्हणू दे. त्याच्या आयटीआयची फी कुणी भरली? दादा गेल्यावर आई शेवटपर्यंत कुणाकडं राहिली? मी तिथंच बसून राहिले असते तर तीन माणसं बुडाली असती, एवढाच फरक. दादा गेले त्या रात्री मी घरी नव्हते हे मला सलतं, नाही असं नाही. पण मी असते तर त्यांचं लिव्हर काय नवं होणार होतं?

असो. तुझं बोलू.

आईची काळजी वाटते ती खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण काळजी म्हणजे राखण नव्हे. हात उगारला तर ११२, नाहीतर महिलांसाठी १८१. आईच्या मोबाईलमध्ये दोन्ही नंबर तू स्वतः घालून ठेव. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. घर आजोबांच्या नावावर असो की पप्पांच्या, आईला त्याच घरात राहायचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार द्यायला वकील लागत नाही. ती आज जाणार नाही, मला माहीत आहे. माहिती तरी असू दे.

राहिला तुझा धाकटा भाऊ. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागावर एमी वर्नर ही बाई कित्येक वर्षं होती. गरिबी, भांडणं, दारू असल्या घरांतली साधारण तिसरा हिस्सा मुलं तरीही चांगली उभी राहिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना निदान एक भरवशाचं मोठं माणूस मिळालं होतं. आईबापच हवेत असं नाही. आजी, शेजारीण, मास्तर, कुणीही. तुझ्या भावाच्या वर्गशिक्षकांना मी ओळखते. त्यांच्याशी बोलते, आणि तो शनिवारी माझ्याकडं गणिताला येऊ दे. १०९८ हा मुलांचा नंबरही त्याला पाठ करायला लाव, फोन फुकट लागतो. तू रोज रात्री त्याला फोन कर. "पप्पा किती पिऊन आले" हे विचारायचं नाही. शाळेत काय झालं ते विचार.

पुन्हा सांगते, तुला कंटाळा आला तरी सांगते: बापाची राखण तुझ्याकडं नाही. ते सुधारले तर तू तिथं असल्यामुळं सुधारणार नाहीत, आणि बिघडले तर तू नसल्यामुळं बिघडणार नाहीत.

आता कामाचं. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. खातं तुझ्या एकटीच्या नावावर हवं, आणि खात्याला नि आधारला मोबाईल नंबर कुणाचा आहे तो बघ. पप्पांचा असेल तर आधी बदल, नाहीतर ओटीपी त्यांच्याकडं जाईल आणि पुढचं मी लिहायला नको. मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाईल, सगळं मूळ कागदपत्र पत्र्याच्या पेटीतून काढून माझ्याकडं आणून ठेव. रागाच्या भरात कागद फाडले जातात, मी पाहिलंय. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो, तो अर्ज उद्याच टाक. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीचं मुलींचं वसतिगृह आहे, खेड्यातल्या गरजू मुलांसाठी १९५५ पासून चाललेली संस्था. मुलाखत घेतात. तिथं घरचं विचारलं तर लपवू नकोस, रडूही नकोस, जे आहे ते सांग.

सोमवारी अकरा वाजता कॉलेजात ये. झेरॉक्स काढू नकोस, त्या मी काढते. आणि ॲडमिशन रद्द करायचा अर्ज लिहिला असशील तर तोही घेऊन ये, माझ्या टेबलावर ठेव.

तुझ्या बाई