ओमाहा ते डेन्व्हर गाडीने: नेब्रास्काचा 'कोरा' नकाशा

लेकीला ओमाहात नोकरी लागली आहे, जूनमध्ये तुम्ही दोघं जाणार आहात, आणि नकाशात अमेरिकेतलं हे नेब्रास्का राज्य अगदी कोरं दिसतं म्हणून तुम्ही विचारलंय की तिथून शेजारच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला गाडीने जावं की विमानानेच उरकावं. लिंकनला बारा वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, गाडीनेच जा. फक्त इंटरस्टेट ८० या मोठ्या महामार्गाने जाऊ नका. त्या रस्त्याने आठ-नऊ तासांत पोचाल आणि परत येऊन सगळ्यांना सांगाल की तिथे काही नाही.

आधी आकार डोक्यात बसू दे. क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश. माणसं, २०२० च्या जनगणनेप्रमाणे, १९ लाख ६१ हजार. त्यातली निम्म्याहून जास्त पूर्वेच्या टोकाला, ओमाहा आणि राजधानी लिंकन यांच्या आसपास. उत्तरेची चेरी काउंटी जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि तिथे साडेपाच हजार लोक राहतात. राज्यात गुरं माणसांच्या तिपटीहून जास्त!

समुद्राचं म्हणाल तर अमेरिकेच्या पन्नास राज्यांत हे एकच असं आहे की कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लागेपर्यंत किमान तीन राज्यं किंवा प्रांत ओलांडावे लागतात. हवामानाची सगळी तऱ्हा यातून येते. ऊब धरून ठेवायला समुद्र नाही आणि उत्तरेचा वारा अडवायला डोंगर नाही. उन्हाळ्यात चाळिशीला टेकणारा पारा जानेवारीत शून्याखाली वीसपर्यंत उतरतो. जूनमध्ये भोंगा वाजला तर फोटो काढायला अंगणात धावू नका, तळघरात जा. टोर्नेडोचा, म्हणजे सोंडेसारख्या फिरत्या वादळाचा असतो तो. (महिन्यातून एकदा चाचणीसाठीही वाजवतात, लेकीला वार-वेळ विचारून ठेवा.)

आता 'सपाट' या शब्दाबद्दल. पूर्वेला मिसुरी नदीकाठी जमीन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर आहे, पश्चिमेला साडेसोळाशेवर. म्हणजे सातशे किलोमीटरमध्ये तुम्ही चौदाशे मीटर चढता आणि एकही घाट लागत नाही. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, पॅनोरमा पॉइंट, आपल्या कळसूबाईपेक्षाही काही मीटर उंच भरतं. पण ते एक गवताळ कुरण आहे. आपण शिखरावर उभे आहोत हे पाटी वाचून कळतं.

चढ जाणवत नाही, पाऊस मात्र जाणवतो. महाबळेश्वरहून वाईला उतरलं की पाऊस कुठल्या कुठे जातो ना, तसाच तिथेही पूर्वेकडून पश्चिमेकडे निम्मा होतो. फरक एवढाच की त्याला पूर्ण दिवसाचा प्रवास लागतो. ओमाहाला वर्षाला तीस इंच, पश्चिम टोकाला पंधरा. मेक्सिकोच्या आखातावरचं बाष्प तिथवर पोचेतो विरळ होतं आणि पलीकडे रॉकी पर्वताची पर्जन्यछाया असते. कोझॅड गावात १०० अंश पश्चिम रेखावृत्ताची पाटी आहे. ढोबळमानाने तिच्या अलीकडे मका-सोयाबीन, पलीकडे गहू, गवत आणि गुरं.

म्हणून माझा सल्ला: ग्रँड आयलंडला मोठा रस्ता सोडा आणि महामार्ग २ ने अलायन्सपर्यंत जा. हा सँडहिल्सचा भाग. विदर्भाच्या निम्म्याएवढा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश, पण वाळवंट नव्हे, सगळ्या टेकड्यांवर गवत. पडलेलं पाणी वाळूत झिरपून खालच्या ओगालाला जलधरात साठतं आणि टेकड्यांच्या मधल्या खळग्यांत तळी होऊन वर येतं. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे प्रत्येकी ६४० एकर जमीन वाटली. लोकांनी नांगर घातला, गवत गेलं, वाळू उडायला लागली, आणि बहुतेक जण काही वर्षांत गाशा गुंडाळून गेले. तेव्हापासून तिथे गुरंच चरतात. जूनमध्ये हे सगळं हिरवंगार असतं. टाकी भरून निघा, मध्ये फोनला रेंज नसते. अलायन्सहून स्कॉट्सब्लफला मुक्काम करा, जवळच चिमनी रॉक आहे. ओरेगनकडे निघालेले बैलगाड्यांचे तांडे याच सुळक्याच्या खुणेने वाट काढत. तिथून डेन्व्हर चारेक तास. आणि हो, वाटेत घड्याळ एक तास मागे करावं लागेल, राज्यात दोन प्रमाणवेळा आहेत.

विमानतळावरून ओमाहात शिरतानाच एक गंमत दिसेल. रस्त्यात 'आयोवा' अशी पाटी येते आणि दोन मिनिटांत पुन्हा नेब्रास्का. १८७७ च्या पुरात मिसुरीने पात्र बदललं आणि आयोवाचा एक तुकडा नदीच्या या बाजूला राहिला. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १८९२ मध्ये निकाल आयोवाच्या बाजूने लागला. कार्टर लेक हे ते गाव.

प्लॅट नदी जूनमध्ये बघून निराश व्हाल. नेब्रास्का हे नाव ओटो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेतल्या 'सपाट पाणी' या शब्दांवरून आलं, ते हिच्यामुळे. रुंद, उथळ, मध्ये वाळूची बेटं. पण तिचा खरा हंगाम मार्च. कर्नी गावाजवळ तेव्हा पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रौंच उतरतात. रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, दिवसा मक्याच्या शेतात सांडलेले दाणे टिपतात. लेक तिथे स्थिरावली की पुढची फेरी तेव्हाची ठरवा. लपणगृहाचं, म्हणजे लपून पक्षी बघायच्या खोलीचं, बुकिंग लवकर भरतं, आणि पहाटे अंधारात जाऊन बसायचं असतं, तेव्हा इथून नेलेला एक स्वेटर पुरेल असं समजू नका.