प्रश्न तुमचे : शुश्रूषा, वेदना आणि सिस्टरांची चौकशी

प्रश्न : माझ्या आईचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे. मध्यंतरी ती रुग्णालयात असताना रात्री तिची कंबर असह्य दुखत असे. वेदना शून्य ते दहापैकी किती, हे विचारून झाल्यावर तेथील सिस्टर तिला ‘आजी, रात्री कशाची काळजी वाटते? घरी कोण कोण असतं? पोथी वाचायची सवय आहे का?’ असेही विचारत. आम्हाला ते खटकले. ही सर्वांगीण शुश्रूषा आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. औषध महत्त्वाचे की ही चौकशी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : औषध आधी, यात शंका नाही. हाडात पसरलेल्या कर्करोगाची वेदना धीर देऊन शमत नाही. तिला पुरेसे आणि वेळच्या वेळी औषधच लागते. परंतु आपल्याला खटकलेले प्रश्न हा वेदना जोखण्याचाच एक भाग होता, आणि त्यामागे एका परिचारिकेचे आयुष्यभराचे निरीक्षण आहे.

सिसिली सॉण्डर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि पुढे १९५७ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी वेदना असह्य होऊन रुग्ण विनवणी करू लागला की मगच मॉर्फिन देण्याची पद्धत सर्रास होती. त्यामुळे रुग्णाचे दोन डोसांमधले तास पुढच्या कळेच्या धास्तीत जात. वेदना परत येण्याआधीच, ठरलेल्या वेळी औषध द्यायचे, ही रीत सॉण्डर्स यांनी सेंट ल्यूक्स या संस्थेत पाहिली होती. ती त्यांनी सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत, काटेकोरपणे राबवली. तेथे रुग्णांचे बोलणे त्या बारकाईने टिपून ठेवत. कुठे दुखते असे विचारले असता एका बाईंनी पाठीपासून सुरुवात केली आणि बोलता बोलता नवऱ्याची व मुलाची ओढाताण, पैशांची चणचण आणि आपल्याला कोणी समजून घेत नाही ही खंत, असे सारे एका दमात सांगितले. अशा अनुभवांतून सॉण्डर्स यांनी १९६०च्या दशकात ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली : शरीराची, मनाची, नातेसंबंधांची आणि श्रद्धेची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, आणि त्यांतली एक दुर्लक्षित राहिली तर बाकीच्यांवरचा उपचारही तोकडा पडतो. १९६७ साली त्यांनी उभारलेले सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस याच विचारावर चालू लागले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिसही याच परंपरेतले आहे.

आता आपल्या आईंच्या रात्रीचा विचार करा. भेटीला आलेली माणसे परतलेली असतात, वॉर्डात सामसूम झालेली असते आणि लक्ष वळवायला काही उरत नाही. अशा वेळी ‘वेदना सातावरून आठवर गेली’ एवढेच केस पेपरवर लिहिले, तर डोस वाढवणे हा एकच मार्ग दिसतो. ‘कूस बदलताना कळ येते, झोपेत काही होईल या भीतीने डोळा लागत नाही, मुलीशी बोलायचे राहिले आहे’ अशी नोंद झाली, तर कूस बदलण्याआधी औषध देता येते, मंद दिवा चालू ठेवता येतो आणि मुलीला बोलावून घेता येते. चौकशीचा फायदा हा असा नेमका असतो.

जाता जाता एक विनंती. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलणे ही क्रूरता आहे, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९च्या सुमारास लिहून ठेवले आहे, कारण ते बोलणे आपल्याविषयीच आहे हे रुग्णाला कळते आणि ते ऐकण्यासाठी तो जिवाचा कान करतो. आजार आईपासून लपवण्यासाठी दाराशी हलक्या आवाजात बोलणारे नातेवाईक मी प्रत्येक वॉर्डात पाहते. आपल्या घरी तसे होत असेल तर ते थांबवावे.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. हेंडरसन, ओरेम, वॉटसन या परिचारिकांचे शुश्रूषेविषयीचे सिद्धांत आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. पण वॉर्डात एका सिस्टरकडे इतके रुग्ण असतात की इंजेक्शने आणि नोंदी यांतच ड्यूटी संपते. शिवाय सर्वांगीण म्हणजे हस्तस्पर्श, ऊर्जा वगैरे, असेही काही जण सांगतात. खरे काय?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते. रुग्णाच्या शरीराला हात न लावता त्याच्याभोवतीचे ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणवते, असा दावा अमेरिकेतील काही परिचारिकांनी केला होता. नऊ वर्षांच्या एका मुलीने पडद्याआडून त्याची साधी परीक्षा घेतली : उपचारकाच्या कोणत्या हाताजवळ माझा हात आहे, ते ओळखा. एकवीस उपचारकांची २८० प्रयत्नांतील उत्तरे निम्म्याहूनही कमी वेळा बरोबर आली. हा प्रयोग १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. संपूर्ण माणसाची काळजी घ्यायला असल्या दाव्यांची मुळीच गरज नाही.

व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या चौदा मूलभूत गरजांकडे पाठांतर म्हणून न पाहता खाटेजवळ उभे राहून पाहा. खुब्याचे हाड मोडलेल्या आजी पाणी पीत नाहीत. का? बेडपॅन मागायची लाज वाटते म्हणून. पाणी कमी म्हणून लघवीचा संसर्ग, त्यातून ताप, मग भ्रम, आणि मग ‘आजी सहकार्य करत नाहीत’ असा शेरा. पिणे, उत्सर्जन आणि मनातले बोलता येणे या गरजा हेंडरसन यांच्या यादीत वेगवेगळ्या आहेत. आजींच्या बाबतीत ती एकच अडचण आहे. ती ओळखणाऱ्या सिस्टर पडदा ओढून, न मागता ठरावीक वेळाने बेडपॅन देतात.

मनुष्यबळाची तुमची तक्रार मात्र पूर्णपणे रास्त आहे. कोणताही सिद्धांत रिकाम्या जागा भरून काढत नाही, आणि तो पुढे करून थकलेल्या सिस्टरांवर आणखी अपेक्षा लादणे मला अन्यायाचे वाटते. त्या जागा भरेपर्यंत एवढे जमते : सलाईन बदलताना किंवा ड्रेसिंग करताना एक प्रश्न विचारावा, आणि मिळालेले उत्तर हँडओव्हरच्या वेळी पुढच्या पाळीच्या सिस्टरांना सांगावे.