प्रश्नोत्तरे : लांब दांड्याचा विळा

प्रश्न : आंब्याची दीड एकर बाग आहे. पावसाळ्यात गवत कमरेला लागते. ब्रशकटरचा आवाज आणि पेट्रोल, दोन्ही नको झाले. युरोपात उभ्याने गवत कापतात तो लांब दांड्याचा विळा, सायथ, मागवायचा विचार आहे. पाते कोणते घ्यावे? (रत्नागिरी)

उत्तर : आधी बागेत फिरून जमीन बघा. सायथचे पाते जमिनीला टेकून सरकत जाते, त्यामुळे गवतात दडलेला दगड थेट धारेवर येतो. कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन कलमे लावली असतील, तर कलमांमधल्या कातळावर हे अवजार चालवू नका. तिथे आपला नेहमीचा विळाच बरा. माती खोल असेल, दगड वेचलेले असतील, तर मात्र जरूर घ्या.

पाती दोन जातीची मिळतात. एक जड आणि कडक पोलादाचे, त्याला दगडावर घासून धार काढतात. दुसरे ऑस्ट्रियन पद्धतीचे, हलके, तळाला किंचित फुगीर. त्याची कड हातोडीने ठोकून पातळ करतात. दुसरेच घ्या. ऐरण, हातोडी आणि निसणा एवढ्यावर ते वर्षानुवर्षे घरच्या घरी राखता येते. मोकळ्या कुरणासाठी 65 ते 75 सेंटिमीटर लांबीचे पाते घेतात. बागेत आळ्यांभोवती फिरायचे असल्यामुळे आणि हात नवा असल्यामुळे तुम्ही 55 ते 60 सेंटिमीटरचे घ्या. रानमोडीची कोवळी खोडे तोडायची असतील, तर त्यासाठी 40 ते 50 सेंटिमीटरचे जाड पाते वेगळे ठेवावे. गवताच्या पातळ पात्याने झुडूप तोडले की कड दुमडलीच म्हणून समजा.

प्रश्न : दांडा लांब पडतो की काय कोण जाणे, अर्ध्या तासात कंबर भरून येते. (दापोली)

उत्तर : दांडा उभा धरून शेजारी उभे राहा. खालची मूठ मांडीच्या खुब्यापाशी आली पाहिजे. दोन मुठींमधले अंतर एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुठी सरकवता येत नसतील, तर तो दांडा तुमच्या उंचीचा नाही. सुताराकडून आपल्या मापाचा करून घ्या, लाकूड हलके निवडा.

माप बरोबर असूनही कंबर दुखत असेल, तर तुम्ही हातांनी ओढताय. पाय फाकवून, गुडघे किंचित सैल ठेवून, कंबरेपासून वरचे अंग उजवीकडून डावीकडे वळवायचे, हात फक्त पाते जमिनीशी ठेवायला. पाते परत नेतानाही गवतावरून सरकू द्या, उचलू नका. प्रत्येक फेरीत पुढे सरकायचे ते चार-पाच सेंटिमीटरच. हावरेपणाने वीतभर घास घेतला की जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पाते उसळते.

प्रश्न : पाते नवेकोरे आहे, पण गवत कापले न जाता नुसते आडवे पडते. मधूनच टोक मातीत घुसते. दुकानदार म्हणतो ग्राइंडरवर धार लावा. (आजरा)

उत्तर : ग्राइंडरला लावू नका. पातळ कड क्षणात तापून निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि तेवढा भाग कायमचा मऊ होतो. नवी पाती बहुधा जाड कडेची येतात, ती आधी ठोकून घ्यावी लागतात. लोहार विळा शेवटताना, म्हणजे त्याची धार पुन्हा काढताना, तापवतो, हे पाते मात्र थंडच ठोकायचे.

अरुंद तोंडाची छोटी ऐरण लाकडाच्या ओंडक्यात घट्ट ठोकून बसवा. पाते तिच्यावर सपाट ठेवून मुठीकडून टोकाकडे जात फक्त कडेचा दीड-दोन मिलिमीटर पट्टा ठोका. घाव हलके आणि एकाला एक लागून पडले पाहिजेत. प्रत्येक घावाने धातू कडेच्या बाहेर किंचित सरकला पाहिजे. एकाच जागी जास्त घाव पडले तर कड लाटांसारखी होते, पुढे तिथेच चीर जाते. पुरेसे झाले का, हे अंगठ्याच्या नखावर कळते: कड नखावर अलगद दाबली की किंचित लवावी आणि सोडताच सरळ व्हावी. जाड गवतासाठी एवढी पातळ करू नका.

ठोकून झाले की निसणा. दगड ओला हवा, म्हणून कमरेला पाण्याचा डबा बांधून त्यातच ठेवतात. पात्याचे टोक जमिनीवर टेकवून, दगड कडेशी सपाट धरून मुठीपासून टोकापर्यंत एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने फिरवा. शेतात दर पाच-दहा मिनिटांनी एवढे करायचेच, आळस नको. पुन्हा ठोकायची वेळ साधारण चार-पाच तासांच्या कामानंतर येते. निसण्याने धार येईनाशी झाली की ठोकायला बसा.

टोक मातीत घुसते ते पाते दांड्यावर जास्त उघडे, म्हणजे दांड्याशी मोठा कोन करून, बसल्यामुळे. सायथ पाते वर करून भिंतीसमोर उभा करा, पात्याची मुठीकडची टाच भिंतीला लागते तिथे खडूने खूण करा. दांड्याचे खालचे टोक न हलवता सायथ फिरवून पात्याचे टोक त्याच जागी आणा. ते खुणेच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली यावे. वर आले तर पाते दांड्याला आवळून धरणाऱ्या कडीचे स्क्रू सैल करून पाते आत घ्या आणि पुन्हा घट्ट आवळा. कडी सैल राहिली तर हा कोन दहा मिनिटांत बिघडतो.

प्रश्न : दगड लागून धारेला खाच पडली. पाते गेले का? (सावंतवाडी)

उत्तर : नाही. कड नुसती वाकली असेल तर ऐरणीवर हलक्या घावांनी सरळ करा. तुटली असेल तर कानशीने खाच गोलसर करून तिची टोके मोडा, म्हणजे चीर पुढे जाणार नाही. खाच भरून काढायला सगळी कड घासत बसू नका. पुढच्या ठोकण्यांत ती आपोआप कमी होते.

प्रश्न : कापायची वेळ कोणती? (मुरुड)

उत्तर : सकाळी, दव असताना. ओले गवत ताठ उभे असते आणि पात्यावरून सरकते. उन्हात कोमेजलेले गवत धारेपुढून वाकते. वैरणीसाठी फुलोऱ्यात कापा. कुसळी गवत तर कुसळे पक्की होण्याआधीच काढा, नाहीतर ती गुरांच्या तोंडात टोचतात. आडवे पडलेले वाळके गवत सायथने नीट कापले जात नाही, त्याला मूठ धरून दातेरी विळा चालवावा. कापायला लागण्याआधी लांब काठीने गवत झोडपून घ्या आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. कोकणात फुरसे असते. पाते चालू असताना तीन मीटरच्या आत कोणालाही येऊ देऊ नका, विशेषतः डावीकडे.